केबल काढलीत, मग आता टीव्हीवर बघता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. म्हणजे बऱ्याच जणांनी विचारलंय, लग्नात, भिशीत, परवा तर भाजीवाल्यासमोर, की केबल काढून टाकलीत म्हणे, मग टीव्हीला लावलंय नक्की काय आणि महिन्याला वाचतात किती? उभ्या उभ्या सांगायला गेलं की समोरच्याला वाटतं ही काहीतरी कॉम्प्युटरची भानगड सांगतेय आणि विषय मुलांच्या ॲडमिशनवर जातो. म्हणून आता बसून सांगते.

आधी हे, की कुठलाही एक बॉक्स आणला आणि केबलला रामराम ठोकला असं होत नाही. यूट्यूबवर तसं सांगतात पण ते सांगणारे बहुतेक एकटे राहणारे असावेत. घरात चार माणसं असली की टीव्ही चार कामं करत असतो. कोणाला ठरलेली मालिका बघायची असते, कोणाला मॅच, आणि एक काम असं असतं जे कोणीच मोजत नाही, ते म्हणजे नुसता लावून ठेवणं. माझ्या सासूबाई दुपारी मेथी निवडताना टीव्ही लावतात, काय लागलंय याच्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो, घरात आवाज हवा, मधेच मान वर करून बघितलं की कोणीतरी दिसायला हवं, बस्स. त्यांच्या हातात रिमोट देऊन म्हटलं, आई यात शंभर पिक्चर आहेत, निवडा, तर त्या टीव्ही बंद करून मेथी निवडतील. त्यामुळे वस्तू घ्यायच्या आधी घरात कोण काय बघतं ते आठवडाभर बघा, मग पैसे काढा.

आमच्याकडे सुरुवात रास्पबेरी पायने झाली कारण तो घरातच पडून होता. चिरंजीवांनी इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला, पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर, चौथ्या पिढीचा, 2019 साली बाजारात आलेला. प्रोजेक्ट झालं, चिरंजीव पुण्याला गेले, पाय ड्रॉवरमध्ये. त्यावर मी लिब्रेइलेक नावाची सिस्टिम टाकली, जी फुकट आहे आणि जिचं काम एकच, चालू झालं की थेट कोडी उघडायचं. कोडी म्हणजे तुमच्या हार्डडिस्कवरचे पिक्चर, गाणी, फोटो टीव्हीवर नीट मांडून दाखवणारा प्रोग्रॅम, तोही फुकट. पूर्वी त्याला एक्सबीएमसी म्हणायचे, एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी लोकांनी हौसेने बनवला होता, 2014 मध्ये नाव बदललं. टाकायला अवघड काही नाही, लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर घ्यायचा, त्यात मीडिया प्लेअरच्या यादीत हे सापडतं, मेमरी कार्डवर लिहायचं, कार्ड पायमध्ये घालायचं, झालं. फक्त केबल बघून घ्या, पाय 4 ला बारकं मायक्रो एचडीएमआय लागतं, आणि दोन भोकांपैकी चार्जरच्या बाजूचं वापरा.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वेगळा रिमोट लागत नाही. एचडीएमआयच्या वायरीतूनच टीव्हीच्या रिमोटची बटणं पायपर्यंत पोचतात, त्याला सीईसी म्हणतात, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते नाव शोधाल तर सापडणार नाही कारण प्रत्येक कंपनीने वेगळं बारसं केलंय, सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू करा आणि सेंटर टेबलावरचा एक रिमोट कमी करा.

आता बघता काय, तर यावर आमची जुनी शिदोरी आहे. मराठी नाटकांच्या व्हीसीडी आठवतात ना, एका नाटकाच्या दोन दोन चकत्या, आमच्याकडे खोकंभर होत्या आणि त्या वाजवायला घरात यंत्रच उरलं नव्हतं. बाहेरून एक डीव्हीडी ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला, चकती उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसतो, त्यातली मोठी डॅट फाइल कॉपी करायची आणि शेवटचं डॅट काढून एमपीजी लिहायचं, कोडी बिनतक्रार चालवतो. चित्र काही ग्रेट नसतं, 352 गुणिले 288 ठिपके, मोठ्या टीव्हीवर नटाचं नाक कुठे आणि मिशी कुठे कळत नाही, पण नाटक बघताना कानच जास्त कामाला असतात. काही चकत्या घासून मेल्या होत्या, त्यांचा दुसरा अंक गेला तो गेलाच. तुमच्याकडे असतील तर यंदाच काढून घ्या. दिराच्या लग्नाची कॅसेटही आमच्या फोटोवाल्याकडून फाइलमध्ये भरून आणली आणि आता पाहुणे आले की हमखास तीच लागते, लोक त्यात स्वतःला शोधत बसतात, केस होते तेव्हाचे.

एक डोकेदुखी सांगून ठेवते. कोडी फाइलचं नाव वाचून इंटरनेटवरून पोस्टर आणि माहिती आणतो, पिक्चरचं नाव आणि कंसात साल असेल तर बरोबर आणतो, पण मराठी नाटकं त्याच्या माहितीत नसतात, मग तो नावाच्या जवळपासचा कुठला तरी तिसऱ्याच भाषेतला सिनेमा चिकटवतो आणि सौभद्राच्या जागी बंदूकवाला दिसतो. नाटकांच्या फोल्डरला ती सोय बंद ठेवा, फाइल म्हणूनच उघडा. आणि नावं देवनागरीत लिहिली आणि नुसते चौकोन दिसायला लागले तर स्किनच्या, म्हणजे कोडीच्या दिसण्याच्या, सेटिंगमध्ये फॉन्ट एरियलवाला करा.

इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात वा, मग मालिका पण त्यावरच? नाही हो. पायवर पैसे भरलेली ॲप्स नीट चालत नाहीत. या ॲपवाल्यांना खात्री हवी असते की चित्र मधल्यामधे कोणी कॉपी करत नाहीये, त्यासाठी वाइडवाइन नावाचं कुलूप असतं, त्याची पक्की पातळी ज्या यंत्रात असते त्यालाच एचडी मिळतं, आणि पायमध्ये ती नाही. तासन् तास खटपट करून ब्राउझरमध्ये धूसर चित्र मिळवणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार. मालिकांसाठी सरळ टीव्हीला लावायची स्टिक, म्हणजे ही ॲप्स चालवणारी पेन ड्राइव्हसारखी कांडी घ्या, किंवा टीव्ही स्मार्ट असेल तर तेही नको. झी मराठीचं झी फाइव्हवर, स्टार प्रवाहचं जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचं सोनी लिव्हवर, आणि इथेच खिसा फाटतो, कारण तिन्ही घेतली की केबल स्वस्त होती असं वाटायला लागतं. आम्ही एका वेळी एकच ठेवतो. त्यावरून घरात जी चर्चा होते ती इथे लिहिण्यासारखी नाही.

आणि सासूबाईंच्या मेथीसाठी फ्री डिश. शहरातल्या लोकांना हे माहीतच नसतं किंवा खेड्यातलं काहीतरी म्हणून नाक मुरडतात. दूरदर्शनची ही सेवा 2004 पासून चालू आहे, महिन्याचं भाडं शून्य, छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, तो दीड-दोन हजारांत बसतो. गच्चीवर जुनी डीटीएचची छत्री गंजत पडली असेल तर तीच फिरवून घेता येते, फ्री डिश ज्याच्यावरून येतं तो जीसॅट 15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे आमच्या सांगलीतून तोंड आग्नेयेला. समोर नारळ नको. सह्याद्री आहेच, खाजगी चॅनेल मात्र लिलावात जागा घेऊन येतात त्यामुळे आज दिसतोय तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही, एखादा आवडता गेला की दोन दिवस घरात सुतक.

क्रिकेटवाल्यांनी हे नीट वाचा. 2007 च्या एका कायद्याने देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, त्यात भारताच्या वन डे आणि टी-ट्वेंटी येतात. पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ठरलं की ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवर दाखवायचं, खाजगी केबल-डीटीएचला पुढे द्यायचं नाही. म्हणजे केबलला पैसे भरणाऱ्याला डीडी स्पोर्ट्सवर भलतंच काहीतरी आणि आमच्या फुकट छत्रीत मॅच. आयपीएल यात नाही, त्यासाठी माझा नवरा शेजारी जातो.

पैशांचं म्हणाल तर 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे केबल-फोनवाल्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले तेव्हा नुसतं जोडणीचं महिन्याचं शुल्क 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकही पेड चॅनेल घ्यायच्या आधी 153 गेले, पुढे त्यावर पॅक. आमचं बिल साडेतीनशेच्या आसपास जायचं. आता एक ॲप, आणि पायची वीज, ती पाच वॅट धरली आणि कधीच बंद केला नाही तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. नेटचं बिल मी धरत नाही कारण ते आधीही होतंच, तुमच्याकडे नसेल तर मात्र धरा, मग बहुतेक काहीच वाचत नाही. आणि पाय नव्याने विकत घेऊ नका, केस, चार्जर, कार्ड धरून पाच-सहा हजारांच्या पुढे जातो. जुना लॅपटॉप असेल, स्क्रीन फुटलेला चालेल, त्यावर कोडी टाका आणि एचडीएमआयने जोडा.

एक आणखी, हजार रुपयांत सगळे चॅनेल आयुष्यभर असं सांगून कोडी भरलेला बॉक्स विकणारे भेटतात. कोडीमध्ये स्वतःचं असं काहीच नसतं, त्यात दिसणारे ते चॅनेल कोणीतरी चोरून सोडलेले असतात, सहा महिन्यांत बंद पडतात आणि बॉक्स आतून तुमच्या वायफायवर काय करत असतो ते देव जाणे. भिशीत दोघींनी घेतलेत, नावं घेत नाही.

केबलवाल्याशी भांडण झालं का असंही विचारतात. कशाला होईल, आमचं फायबरचं नेट त्याचंच आहे, केबल बंद केली तसा त्याने वरचा प्लॅन गळ्यात मारला. फक्त सेट टॉप बॉक्स परत न्यायला आला तेव्हा जुनी पावती शोधून ठेवली होती ते बरं झालं, बॉक्स भाड्याचा नव्हता, आपण विकत घेतलेला होता. तुम्हीही आधी ती पावती शोधा, डिपॉझिट असेल तर मागा, आणि बंद केल्याचं लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल.