गाडी दीड लाखाची, इन्शुरन्स कशाला?

आमच्या बाबांचं एक लाडकं गणित आहे. गाडी २०११ ची वॅगनआर, आज विकायला काढली तर दीड लाख आले तर आले, म्हणजे चोरीला गेली तरी दीडच लाख जाणार, मग दरवर्षी इन्शुरन्सवाल्याला कशाला पोसायचं? आणि गाडी जाते तरी कुठे, वारज्याहून मंडईत आणि महिन्यातून एकदा भोरला शेतावर. पूर्वी एक एजंट काका मार्च आला की डायरी घेऊन घरी यायचे, चहा प्यायचे आणि चेक घेऊन जायचे, तेव्हा भिडेखातर का होईना पॉलिसी व्हायची. काकांनी काम बंद केलं आणि बाबांचं गणित जिंकलं. घरात कोणाला सांगितलं पण नाही.

मला कळलं ते ऑगस्टमध्ये, नवले पुलाजवळच्या सर्व्हिस रोडवर, भर पावसात, रात्री साडेआठला.

कात्रजच्या नव्या बोगद्याकडून खाली येणारा तो उतार पुण्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच ट्रकपायी ४८ गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या ती हीच जागा. पण माझं काही एवढं नाट्यमय नव्हतं. पुढे खड्ड्यात पाणी साचलेलं, मी गाडी थोडी डावीकडे घेतली, डावीकडून ॲक्टिव्हा येत होती, आरसा हँडलला लागला आणि तो पोरगा पडला. चूक माझी, आरशात बघितलंच नव्हतं. मनगट फ्रॅक्चर. वय २४, नऱ्ह्यात मोबाईल रिपेअरचं छोटं काउंटर, म्हणजे ज्याचं सगळं कामच मनगटावर चालतं नेमका असा माणूस.

हॉस्पिटलमध्ये त्याचा मोठा भाऊ आला. मला वाटलं आता शिव्या बसणार, पण तो शांत होता, एवढंच म्हणाला, "दादा, इन्शुरन्स आहे ना गाडीचा?" मी एकदम कॉन्फिडन्सने, "आहे ना, फुल आहे." त्याने एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि मोबाईल माझ्याकडे फिरवला. पॉलिसी मार्चमध्येच संपलेली. तो काहीच बोलला नाही. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

आता एक कबुली देतो. त्या रात्री घरी येऊन बाबांशी भांडायच्या आधी मी काय केलं असेल तर मोबाईलवर पॉलिसी काढायला घेतली, कालपासून लागू होणारी मिळते का बघायला. अर्थातच मिळत नाही. पॉलिसीवर नुसती तारीख नसते, किती वाजल्यापासून लागू तेही लिहिलेलं असतं, आणि त्या आधी जे झालं ते तुमच्या खात्यावर. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण घाबरलेला माणूस काहीही करून बघतो.

बाबा म्हणाले, "दोन हजार दंड आहे, भरू." हे 'दोन हजार' सगळ्यांना पाठ आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांचं तर पूर्ण तत्त्वज्ञान आहे यावर: विना इन्शुरन्स गाडी चालवली तर पहिल्या वेळी दंड २०००, आणि १००० सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरत्या इन्शुरन्सचा प्रीमियम २०९४, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४७१ च्या आसपास. दंड स्वस्त पडतो! आणि पकडलं तर ना, वर्षात एकदा तरी कोण पकडतं. (दुसऱ्यांदा सापडलात तर ४०००, आणि दोन्ही वेळा तीन महिन्यांपर्यंत कैद पण होऊ शकते, हे काका सोयीस्कर विसरतात.) खरं सांगायचं तर हा हिशोब ऐकायला बरोबरच वाटतो. मलाही वाटला असता.

माझा मावसभाऊ शिवाजीनगर कोर्टात अपघाताच्या क्लेमच्याच केसेस चालवतो. रविवारी तो घरी आला आणि मिसळ खाता खाता पेपरच्या मार्जिनवर त्याने दुसरा हिशोब मांडला. मुलाचं वय किती, २४. कमाई किती, महिना वीस हजार धरू, वर्षाचे २ लाख ४० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणजे पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले ३ लाख ३६ हजार. लग्न झालेलं नाही, म्हणून अर्धे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, राहिले १ लाख ६८ हजार. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला कितीने गुणायचं तो आकडा, १८. बाबा कॅल्क्युलेटर शोधत होते तोवर याने लिहून पण टाकलं, ३० लाख २४ हजार. "तो हेल्मेटशिवाय डोक्यावर पडून गेला असता तर तुझा आकडा साधारण हा. वर अर्ज केल्यापासूनचं व्याज."

मग म्हणाला, समज संसारी माणूस असता, ३४ वर्षांचा, महिना तीस हजार कमावणारा, घरी बायको, दोन पोरं आणि आई. तेव्हा ४० टक्के तसेच मिळवायचे, पण स्वतःच्या खर्चाचा फक्त एक चतुर्थांश वजा होतो आणि गुणक १६. ६० लाख ४८ हजार. बाबांनी दोनदा करून बघितलं, तेवढेच आले. आणि माणूस गेला तरच मोठा आकडा असंही नाही म्हणे, तरुण माणूस कायमचा अंथरुणाला खिळला तर उपचार आणि सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च धरून कधीकधी त्याहून जास्त होतो.

बाबांचं गणित इथेच फसलेलं होतं. ते आयुष्यभर आपल्या गाडीची किंमत मोजत बसले, आणि थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये आपल्या गाडीचा संबंधच नसतो. गाडी दीड लाखाची असो नाहीतर भंगारात घालायची असो, समोरच्याचा हात तेवढाच मोडतो. २०९४ रुपयांत समोरच्याच्या मृत्यूची किंवा जखमेची भरपाई कंपनी भरते आणि त्याला वरची मर्यादाच नाही, फक्त गाडी-दुकान-भिंत असल्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची आहे. इतका एकतर्फी सौदा मंडईत सुद्धा मिळत नाही.

"आणि पैसे नसतील तर कोण काय करणार?" हा बाबांचा शेवटचा बाण. मावसभावाने थंडपणे सांगितलं की ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट, कलेक्टरला दाखला देऊ शकतं, मग ती रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल होते. गाडी मी चालवत असलो तरी आरसी बाबांच्या नावावर, म्हणजे नोटीस दोघांना. आमची भोरला दीड एकर आहे, आजोबांनी घेतलेली. शेतसारा हा शब्द ऐकल्यावर बाबा मिसळीत पाव बुडवायचे थांबले, खरंच थांबले.

त्यात आणखी एक गोष्ट कळली जी मला अजिबात माहीत नव्हती. नुसती थर्ड पार्टी घेतली तर खाजगी गाडीत आपण लिफ्ट दिलेले मित्र, शेजारी हे त्यात धरले जात नाहीत, त्यांच्यासाठी फुल पॉलिसी लागते. आम्ही दर एकादशीला शेजारच्या दोन आज्यांना गाडीत घालून देवळात नेतो! आणि ज्यांनी जुनी गाडी एखाद्या डीलरला देऊन टाकली, पैसे मोजून घेतले, पण गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९-३० सह्या करून नुसते सोडून दिले, त्यांनी एकदा ॲपवर बघाच गाडी अजून कोणाच्या नावावर दिसते ते. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलंय, रजिस्टरला ज्याचं नाव तो मालक, भरपाई त्याच्याकडून. म्हणजे तुम्ही विकलेली गाडी विना इन्शुरन्स कोण कुठे फिरवतोय याची काळजी तुम्हाला. माझ्या ऑफिसमधल्या एकाची तीन वर्षांपूर्वी विकलेली अल्टो अजून त्याच्याच नावावर निघाली, दोन दिवस जेवला नाही तो.

आमचं प्रकरण त्या मानाने किरकोळीत मिटलं. प्लास्टर, ॲक्टिव्हाचं काम आणि काउंटर बंद राहिलं त्या दिवसांचे मिळून ३१ हजार मी दिले. पोलिसात न जाता मिटवलं हे फार बरोबर झालं असं माझं म्हणणं नाही, पण त्या दोघा भावांनाही फेऱ्या नको होत्या. पोरगा आता बरा आहे, माझा मोबाईल त्याच्याकडेच दुरुस्त करून घेतला मागच्या महिन्यात, पैसे मात्र त्याने पूर्ण लावले.

पॉलिसी दुसऱ्याच दिवशी काढली, फुलच काढली. कंपनीने गाडीचा व्हिडिओ मागवला, तो बाबांनी स्वतः पार्किंगमध्ये गाडीभोवती फिरून काढला, पुसून बिसून. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो, आणि बाबांचा ५० टक्के होता, वर्षानुवर्षं क्लेम न करता जमवलेला. तो गेला. अपघाताचं, ३१ हजारांचं वाईट वाटलं त्यापेक्षा या बोनसचं जास्त वाटलं त्यांना, अजून अधूनमधून उसासा टाकतात.

परवा प्रिंटआउट प्लास्टिकच्या पाकिटात घालून पियूसीबरोबर गाडीच्या कप्प्यात ठेवत होते, तेवढ्यात खालचे काका आले. "काय, भरलात वाटतं? अहो दंड दोनच हजार आहे."

बाबांनी कप्पा बंद केला आणि विचारलं, "तुमची गावाकडे जमीन आहे का हो?"