मृत्युदर वाचताना आधी छेद बघा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे लंडनच्या उपनगरांचे आरोग्य अहवाल चाळले, की ‘आमचा मृत्युदर शहरापेक्षा कमी’ ही फुशारकी वारंवार भेटते. दर कमी असेलही. पण किती कमी, हे भागाकारात खाली काय धरलंय त्यावर ठरतं.

विल्सडन घ्या. १८९१च्या जनगणनेत ६१,२६५ माणसं, १९०१ला १,१४,८११. दहा वर्षांत १.८७ पट. मधल्या वर्षांसाठी रूढ रीत अशी, की मागच्या दशकातला वाढीचा वेग तसाच पुढे ओढायचा. (जनगणना मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला आणि दर काढायचा वर्षाच्या मध्यावरच्या लोकसंख्येवर, म्हणून वर पाव वर्षाची वाढ आणखी धरायची.) या रीतीने १९११ला दोन लाख पंधरा हजार माणसं हवीत. प्रत्यक्षात निघाली १,५४,२१४. समजा वर्षात १,५०० मृत्यू झाले. पहिल्या आकड्याने दर हजारी ७.०, दुसऱ्याने ९.७. मेलेली माणसं तेवढीच!

म्हणून जाणता आरोग्य अधिकारी घरांवरून ताळा करायचा: घरपट्टीच्या वहीतली राहती घरं गुणिले दर घरी सरासरी माणसं. इथेही गफलत होते. नव्या ओळीतली निम्मी घरं भाडेकरूची वाट बघत रिकामी, तर जुन्या घरात एकाच्या जागी दोन-तीन बिऱ्हाडं.

मृत्यूंची संख्याही जशीच्या तशी घ्यायची नाही. हद्दीत मोठं इस्पितळ किंवा वेड्यांचं रुग्णालय असेल, तर बाहेरून येऊन तिथे मेलेले वजा करायचे. आपले रहिवासी बाहेरच्या इस्पितळात गेले असतील, तर ते मिळवायचे. वजाबाकी उत्साहाने व्हायची आणि बेरीज राहून जायची, हा धोका उघड आहे. शिवाय उपनगरात तरुण कारकून आणि मोलकरणी जास्त, म्हातारे कमी. वयाची दुरुस्ती न करता तुलना करण्यात अर्थ नाही.

मला त्यातल्या त्यात भरवशाचा वाटतो तो बालमृत्युदर, म्हणजे दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली मुलं. छेदात नोंदलेले जन्म, अंदाज नाही. इंग्लंड-वेल्सचा हा दर १९१०ला हजारी १०५, १९११ला १३०, १९१२ला ९५. मधली उडी १९११च्या कडक उन्हाळ्यातल्या हगवणीची: तबेल्यातली लीद, तिच्यावरच्या माश्या, उघडं दूध आणि लांब रबरी नळीची दुधाची बाटली. त्या नळीत आतून ब्रश फिरत नसे. आंबट दुधाचा थर आत तसाच राही. अंगावर पिणारी मुलं या हगवणीतून बरीचशी वाचत.

पण जन्माची नोंदच दुसरीकडे झाली, तर हाही दर फसवतो. १९२१ला मुंबईचा बालमृत्युदर हजारी साडेसहाशेच्या वर दिसतो. चाळीतल्या एका खोलीत पोरं खरंच भयंकर मरत होती, यात शंका नाही. पण बाळंतपणाला बाई माहेरी जायची. जन्म गावाकडे, तोही नोंदला तर. तान्हं घेऊन ती गिरणगावात परतली आणि ते दगावलं, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात.