आवाज नसलेली गाडी

स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला अन् टोक इंजिनला लावून टॅपेट वाजतंय की बेअरिंग, ते बिनचूक सांगणारा आमचा जळगावचा मिस्त्री आज बॅटरीच्या स्कूटरपुढे नुसता बसून होता.

“आवाजच नही ना भो हिना. दुखनं कसं वयखू?”

हसलो सगळे. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आलाय, पण त्याला दहावी पास लागतं. यानं आठवीतच पाना धरला. अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी आरपीएलची सोयही आहे. चांगलीच आहे, पण ती मुख्यतः आधीच येणारं काम तपासते. इथे कामच नवं! स्कूटरची बॅटरी साधारण 48 ते 72 व्होल्टची, कारमध्ये मात्र 300-400 व्होल्ट. कारमधल्या त्या जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी सप्लाय तोडायचा, थोडं थांबायचं, मीटरवर शून्य बघायचं, तेही इन्सुलेटेड हातमोजे घालून. हे कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवायला हवं.

दिवसा शटर ओढून क्लासला बसणं त्याला परवडत नाही. जळगाव-धुळ्याकडे संध्याकाळी असं कोणी शिकवतं का हो?