तुम्ही विचारलंत म्हणून: कानबाईला गावाला कशाला जायचं?

सुरतला आमच्या ऑफिसात दर श्रावणात कोणीतरी विचारतंच, की घरच्यांशी तुमचा रोज व्हिडीओ कॉल चालतो, मग भुसावळ लाईनच्या त्या गर्दीत उभं राहून अमळनेरला कशाला मरायला जाता. विचारलंत म्हणून सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली देवी आणि तिचा सण. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती बसते, रात्री गाणी-जागरण, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. पण खरा मामला रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचा. आमच्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, मग तो सुरतला असो की नाशिकला, सगळं एकत्र दळायचं आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, पानात टाकायचे नाहीत. म्हणजे पंगतीला माणसं कमी पडली की बाकीच्यांच्या पोटावर येतं!

आता आमच्या दोन चुलत्यांचं बांधावरून बोलणं बंद, एकाशी फोनवर दुसऱ्याचं नाव काढलं तरी "बरं ठेवतो" म्हणतात. पण गहू दोघांचा एकाच पिठात ना, आणि एका वर्षी पंगतीत नेमके शेजारी शेजारी आले. कोणी माफीबिफी मागितली नाही, हा काही सिनेमा नाही, थोरल्याने फक्त गंगाफळाच्या भाजीचं पातेलं धाकट्याकडे सरकवलं आणि त्याने वाढून घेतलं. बांधाचं भांडण अजून आहे तसंच आहे, पण लग्नाच्या पत्रिका तरी आता एकमेकांच्या घरी जातात.

आणि फोनला कसंय, विषय लागतो. पाऊस झाला का, कपाशी कशीये, जेवले का, संपलं. आमचे नाना कॉलवर कायम ठणठणीत, पुतण्या फोन धरतो आणि ते मोठ्याने बोलतात. घरी गेलो तर दारातच म्हणाले, "कवय उना रे भो?" (कधी आलास रे भाऊ?), पण माझ्याकडे बघून नाही, माझ्यासोबत आलेल्या भाच्याकडे बघून! मोतीबिंदू पार पिकलेला, आणि रोज बोलून कोणाला पत्ता नाही. दिवाळीच्या आत ऑपरेशन करून टाकलं.

शाळेच्या गेट-टुगेदरला मात्र मी जात नाही, हे पण सांगून टाकतो. हॉल, बॅनर, सत्कार, मग माईकवर एकेकाने आपला फ्लॅट किती बीएचके ते सांगायचं, त्यापेक्षा हिवाळ्यात चार जण मळ्यात भरीत करायला जमले तर बोलवा, वांगी भाजता भाजता माणूस खरं बोलतो.

आमचा पोरगा परवा विचारत होता, मी नाही आलो तर माझी सव्वा मूठ कमी करतील का. नाही करत, नाव आहे तोवर मोजतातच. फक्त त्याच्या वाटचा रोट मग मला खावा लागतो, आणि माझं वय आता तेवढं खायचं राहिलं नाही, म्हणून यंदा त्याचंही तिकीट काढलंय.