बडोद्याला गोल्फ, जांबुघोड्याला मुक्काम

बडोद्याला गोल्फ खेळायला जातोय म्हटलं की पुण्यातले गोल्फर एकच विचारतात, "मग उतरणार राजवाड्यातच ना?" नाही. लक्ष्मी विलास पॅलेस हे हॉटेल नाही, तिथे आजही गायकवाड घराणं राहतं. गोल्फचा कोर्स मात्र त्याच्याच आवारात आहे. जुन्या वाड्यात राहणं आणि गोल्फ या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली शोधणाऱ्याला बडोदं निराश करतं. त्या वेगळ्या केल्या की सहल झकास जमते: आधी बडोद्यात मुक्काम करून सकाळी खेळायचं, मग पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवरच्या जांबुघोड्याला जाऊन तिथल्या संस्थानिकांच्या वाड्यात पाय पसरायचे. क्रम उलटा करू नका. जंगलातून पहाटे उठून टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) गाठायचा म्हणजे झोपही गेली आणि स्विंगही गेला.

मुंबईहून शताब्दी किंवा वंदे भारत सोयीची. पण चेअर कारच्या वरच्या रॅकवर गोल्फची पूर्ण बॅग बसवताना सहप्रवाशांच्या नजरा झेलाव्या लागतात. ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी), दोन हायब्रिड, तीन-चार आयर्न, वेज आणि पटर एवढ्याच काठ्या हलक्या कॅरी बॅगेत घ्या. या कोर्सला त्याहून जास्त लागत नाही. भाड्याने सेट मिळेल का, हे फोनवर आधीच विचारून ठेवा.

कोर्स 1930च्या दशकात बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी युरोपियन पाहुण्यांसाठी आखून घेतला. पुढे 1990च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी तो नव्याने उभा केला आणि बाहेरच्यांना खुला केला. स्वतः रणजी खेळलेला माणूस, तरी क्रिकेटच्या गावात गोल्फ रुजवायला निघाला, याचं मला कौतुक वाटतं. मोतीबाग क्रिकेट मैदानही याच आवारात आहे. बाहेरच्यांनी टी टाइम फोन करून ठरवावा आणि शक्यतो आठवड्याच्या मधला वार धरावा. शनिवार-रविवारी सभासदांचे फोरबॉल (चौघांचे खेळ) एकामागून एक लागतात. कॉलरचा टी-शर्ट हवा, जीन्स नको. कॅडीची टीप रोख आणि वेगळी द्या.

अंतराच्या हिशोबाने कोर्स कुणाला घाबरवणारा नाही. लांब ड्रायव्हरची हौस असेल तर इथे ती झाडांत जाऊन संपते. मजा आहे ती जागेची. वास्तुविशारद मेजर मँटने आराखडा काढलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर चिझमने पुरा केलेला 1890चा तो अवाढव्य वाडा झाडांच्या फटीतून दिसत राहतो, आणि माणूस चेंडूवरची नजर उचलतो. हिवाळ्यात सकाळी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, दव असतं, तेव्हा पट (चेंडू होलकडे ढकलणारा फटका) जरा जोरात मारा. ऊन चढलं, दव उडालं की तोच पट होलच्या पुढे पळतो. पहिल्या काही होल्सवर बसवलेला अंदाज नऊ वाजता विसरायचा.

मोर आणि माकडं हा इथला खरा हॅझर्ड (खेळातला अडथळा). माकडाने थांबलेला चेंडू हलवला किंवा पळवला, तर दंड नाही: मूळ जागी चेंडू ठेवायचा, परत मिळत नसेल तर दुसरा ठेवायचा. मात्र फेअरवेवरून (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावरून) मारलेला चेंडू धावता धावता मोराला लागून वळला, तर जिथे थांबेल तिथूनच खेळायचं. माझा आतेभाऊ दांडिया बाजारचा, पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याचा. त्याच्याशी यावरून तिसऱ्या होलवर वाद झाला. "आमच्या बडोद्यात मोराला लागलं की परत मारतात," म्हणे. नियमांचं पुस्तक त्याच्या बाजूने नाही.

खेळ संपला की शेव उसळ. महाकाली नावाच्या दुकानाची प्रसिद्ध आहे. तर्री वेगळी मिळते, ती बेताने घ्या. दुपारी राजवाडा आणि फतेसिंह संग्रहालय बघा, रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत. सोमवारी दोन्ही बंद असतं, म्हणून सोमवार खेळायला किंवा प्रवासाला ठेवा. लग्नसराईत आवारातल्या समारंभांची वर्दळ असते, क्लबला फोन कराल तेव्हा तेही विचारा.

गोल्फरांचा आवडता एकोणिसावा होल, म्हणजे खेळानंतरचा बार, गुजरातेत कोरडा आहे. राज्य 1960 साली झालं तेव्हापासून दारूबंदी. बाहेरच्या राज्यातल्या पर्यटकांना परमिट मिळतं, पण ते रीतसर काढा आणि खरेदी परमिटच्या दुकानातूनच करा. महाराष्ट्रातून बाटली बॅगेत घालून नेण्याचा शहाणपणा करू नका.

जांबुघोड्याला हालोल-शिवराजपूरमार्गे गाडीने जायचं. वाटेत चांपानेर. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने 1484 साली पावागड घेतला आणि पायथ्याशी आपली राजधानी वसवली. 2004 पासून हे सगळं जागतिक वारसा यादीत आहे. गडावर कालिकामातेला रोपवेने जाता येतं, पण रविवारी आणि नवरात्रात रांगेतच दिवस जातो. आमचा कल खालच्या जामा मशिदीकडे होता, तिथे निवांत दोन तास घालवले. हा पंचमहालचा मुलूख 1861 पर्यंत ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता, हे मराठी माणसाने इथे आठवावं. तात्या टोपेही डिसेंबर 1858 मध्ये जवळच्या छोटा उदेपूरला पराभूत झाले. बडोदं गाठायचा त्यांचा बेत तिथेच संपला.

जांबुघोडा पॅलेस हे नाव मोठं वाटलं तरी बडोद्याच्या वाड्याशी तुलना करू नका. छोट्या संस्थानाचं, बागेतलं घर आहे ते, आणि घराणंच ते चालवतं. त्यामुळे हॉटेलसारखं मेन्यू कार्ड हातात घेऊन बसायचं नाही. जेवणाची वेळ, तिखट किती, उपास आहे का, हे बुकिंगच्या वेळीच सांगा. भोवती 1990 साली घोषित झालेलं अभयारण्य आहे, अस्वल आणि बिबट्या दोन्ही असलेलं. मोह फुलतो त्या मार्च-एप्रिलमध्ये अस्वलं फुलांसाठी येतात, तेव्हा संध्याकाळी एकट्याने फिरू नये. दिवसा कडा धरण आणि झंड हनुमान पुरेसे. आसपासच्या राठवा आदिवासींच्या पाड्यांत घरांच्या भिंतीवर पिठोरा (त्यांचं धार्मिक चित्र) रंगवलेला असतो. कुणाच्या घरात डोकावायचं तर आधी विचारा, फोटो त्यानंतर.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही 14-15 जानेवारी टाळा. उत्तरायणात सगळं बडोदं गच्चीवर असतं आणि दुचाकीवर मांजाची भीती. नवरात्रात गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो, खोल्याही महाग होतात. गरबाच बघायचा असेल तर जरूर जा, पण क्लब्ज घरीच ठेवा. जांबुघोड्याहून परतताना संध्याकाळची गाडी असेल तर दुपारच्या जेवणानंतर लगेच निघा, हालोलपाशी कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ता तुंबतो. लीलो चेवडो (इथला ओलसर चिवडा) घ्यायला स्टेशनआधी अर्धा तास हाताशी ठेवा.