शिराझ बर्फात घातली त्या रात्री

सव्वासातला पहिले ग्लास परत आले. रिकामे नव्हे, जवळजवळ भरलेले. वाढणारा पोरगा ट्रे घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, नको म्हणतायत. सगळे पाणीच मागतायत."

त्या संध्याकाळी आमच्या लॉनवर चाळीसेक शेतकरी जेवायला आले होते, बरेचसे बायकामुलांसह. दिंडोरी, निफाडकडची, आमच्या वाइनरीला द्राक्षं घालणारी ही मंडळी. फेब्रुवारी संपत आला होता, शिराझचा, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षांचा, शेवटचा ट्रॅक्टर दोनच दिवसांपूर्वी रिकामा झाला होता. तोडणी आटोपली की या सगळ्यांना शेगडीवर भाजलेलं जेवण आणि त्यांच्याच द्राक्षांची वाइन द्यायची, असं ठरलं होतं. कशाबरोबर काय द्यायचं हे ठरवणं माझं काम. नऊ वर्षं मी टेस्टिंग रूममध्ये हेच करते. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, ग्लास फिरवतात, फोटो काढतात. ज्यांनी वेली वाढवल्या ती माणसं मात्र क्रेट उतरवतात, ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातली साखर, मोजून घेतात आणि वजनाची पावती घेऊन निघून जातात. म्हणून ही संध्याकाळ मला मनापासून चांगली व्हायला हवी होती.

लोखंडी पिंपं उभी चिरून केलेल्या तीन शेगड्या पेटल्या होत्या. बाभळीचा कोळसा, आणि त्यावर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे घड येण्यासाठी करतात त्या छाटणीच्या, वाळलेल्या काड्या. द्राक्षाच्या काडीचा धूर हलका असतो, थोडा गोडसर. मटणाचे चाप, चिकनच्या तंगड्या, पनीर, वांगी, कणसं, रताळी असा बेत होता. भाजलेलं मांस आहे म्हणजे लाल वाइन, आणि आजचा मान शिराझचा, म्हणून मी बॅरलमध्ये मुरलेली सगळ्यात भारदस्त शिराझ काढली होती. बाटलीवर १४ टक्के अल्कोहोल. दुपारी चारलाच बाटल्या मांडवात टेबलांवर लावून घेतल्या, दिसायला छान दिसाव्यात म्हणून.

दिंडोरीकडच्या एका काकांच्या टेबलाशी गेले. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, शेजारी काकू. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, काढून शिराझ लावलं होतं. ग्लास त्यांनी बाजूला सरकवून ठेवला होता. मी विचारलं, "काका, आवडली नाही का?" ते खूप वेळ बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगा. आमचा माल वाईट होता का हो?"

माझ्या पोटात खड्डा पडला.

मी त्यांच्याच ताटातल्या तंगडीचा तुकडा मोडून खाल्ला आणि वर शिराझचा घोट घेतला. तोंड पेटलं. हिरड्या कोरड्या पडल्या, जिभेच्या मागे कडू रेंगाळलं, आणि जी वाइन मी नऊ वर्षं कौतुकानं लोकांपुढे ठेवत आले होते तिच्यात फळाचा मागमूस नव्हता. वाइनचा थर्मामीटर माझ्या खिशात असतोच. ग्लासात घालून पाहिला तर २९ अंश.

माल चांगला होता. निवड माझी चुकली होती. आणि कुठे चुकली ते त्या एका घोटातच कळलं.

दोन दिवसांपूर्वी शेफनी मला नमुना दिला होता तो एसी चालू असलेल्या खोलीत, बेताच्या मसाल्याचा. प्रत्यक्षात पाहुणे गावचे म्हणून त्यांनी तंगडीला लवंगी मिरची चढवली, काळा मसाला लावला आणि शेवटी वरून चिंच-गुळाचा पाक फिरवला. एकदम योग्यच केलं त्यांनी, तंगडी अप्रतिम झाली होती. फक्त माझ्या वाइनशी तिचं जमणं शक्य नव्हतं. तिखट ही खरं तर चव नव्हेच. भाजल्याची जाणीव चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहींमधून (रिसेप्टर्समधून) मेंदूला पोचते, मिरचीतलं कॅप्सेसिन त्यांनाच जागं करतं. हे ज्यांनी शोधून काढलं त्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. अल्कोहोलही त्याच ग्राहींना डिवचतं. म्हणजे मी मिरचीवर १४ टक्क्यांची फुंकर घालत होते, विझवायला नव्हे, पेटवायला.

गुळाचं वेगळंच. पेढा खाऊन चहा प्यायलात तर तो चहा कसा लागतो? फिका, कडवट, साखर घातलीच नाही असा. कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, वाइनचं गोड पाकासमोर तेच होतं. त्यात तंगडीची करपलेली कड कडू, शिराझच्या सालीबियांतून येणारं टॅनिन तुरट, आणि २९ अंशांना सगळ्यात आधी नाकात शिरतं ते अल्कोहोल. लाल वाइन खोलीच्या तपमानाला द्यावी, हे आपण वाचतो ते युरोपातल्या दगडी घरांबद्दल, जिथे खोली १६-१८ अंशांची असायची. नाशिकच्या फेब्रुवारीतल्या दुपारच्या मांडवाबद्दल ते लिहिलेलं नाही. हे मला माहीत होतं. मी पाहुण्यांना हे वाक्य कित्येकदा ऐकवलेलं आहे.

शेगडीकडे धावले. "शेफ, तंगड्या थांबवा. आधी चाप द्या."

"चाप आत्ताच जाळीवर टाकलेत. वीस मिनिटं लागतील."

"लागू देत. आणि पाक अजिबात लावू नका त्यांना."

"पाक चापाला नाहीच लावत मी. मीठ, लसूण, मिरे. बास." ते थोडे दुखावले होते. त्यांच्या ताटात खोट नाही हे सांगायलाही मला तेव्हा सवड नव्हती. ते मी रात्री सांगितलं.

वीस मिनिटं पुरेशी होती. द्राक्षं धुवायचे दोन मोठे टब ओढून आणले, त्यात बर्फ, पाणी आणि दोन-दोन मुठी खडे मीठ. नुसत्या बर्फात बाटली हळू गार होते, कारण बर्फाचे खडे काचेला जेमतेम टेकतात. पाणी असलं की सगळीकडून वेढतं आणि मिठानं ते शून्याच्याही खाली उतरतं. टेबलांवरच्या सगळ्या शिराझ उचलून टबात घातल्या. पोरं माझ्याकडे बघतच राहिली, लाल वाइन बर्फात घालू नये असं त्यांना मीच शिकवलं होतं.

तेवढ्यात शीतगृहातून शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन काढली. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं हे द्राक्ष, नाशिकमध्ये आता घरचं झालेलं. आमची शेनिन किंचित गोड राहते, अल्कोहोल कमी, आंबटपणा नीट. ती तंगडीबरोबर नेऊन दिली. गुळाला गोडवा भेटला, चिंचेला आंबट, आणि गार घोटानं मिरचीची धग जरा खाली बसली. वांगी आणि पनीरच्या टेबलांवर झिनफँडल द्राक्षांची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, पाठवली. भाजलेल्या वांग्याबरोबर गार रोझे, हे मी कुणालाही डोळे मिटून सांगेन. कणसांबरोबर काय द्यायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. लिंबू-मीठ चोळलेलं कणीस पोरांनी आधीच संपवलं होतं.

पंधराव्या मिनिटाला एक शिराझ काढून मोजली. १७. हळूहळू बाकीच्याही वर काढल्या.

चाप आले तेव्हा त्यांची चरबी अजून कडेनं चुरचुरत होती. मी काकांसाठी नवा ग्लास ओतला, त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि म्हटलं, "काका, एकदा माझ्यासाठी. आधी एक घास खा, चांगला चावा, मग घोट घ्या." त्यांनी तसं केलं. चावले, घोट घेतला, थांबले. पुन्हा घोट घेतला, या वेळी घास न घेता. मग परत घास.

"मघाची नाही ही," ते म्हणाले.

"तीच आहे. त्याच बाटल्या."

त्यांचा विश्वास बसेना. मी त्यांना विचारलं, आवळा आपण मीठ लावून का खातो? जांभळं मिठात का घोळवतो? "तुरट मरतं," काकू पटकन म्हणाल्या. तेच. मीठ कडू-तुरट दाबतं. आणि टॅनिन तोंडातल्या लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मटणाची प्रथिनं आणि चरबी आली की ते तिकडे वळतं. अर्जेंटिनात आसादो म्हणून मोठमोठे मांसाचे तुकडे निखाऱ्यांवर भाजतात आणि त्याबरोबर माल्बेकसारखी दणकट लाल वाइन पितात, हे मी पुस्तकांतून पाठ केलं होतं. तिथे मांसाला मुख्यतः जाड मीठच लावतात, हेही त्याच पानांवर होतं. मी मांस वाचलं, मीठ सोडून दिलं.

काकू वाइन घेत नाहीत. पण काकांचा चेहरा बघून त्यांनी ग्लास ओढून घेतला, नुसता नाकाशी धरला. डोळे बारीक केले. "अहो, मिऱ्यांचा वास येतोय याला."

"चापाचा येत असेल," काका म्हणाले.

"चापाचा नाही. याचाच."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. पैसे भरून टेस्टिंगला येणाऱ्या पाहुण्यांना मी तो वास हाताला धरून दाखवते आणि तरी कित्येकांना सापडत नाही. मी काकूंना सांगितलं की शिराझमध्ये रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये ओळखलं, आणि काळ्या मिऱ्यात असतं ते हेच, दुसरं नाही. द्राक्षाच्या सालीत असतं. म्हणजे तुमच्या मळ्यातूनच आलेलं.

काका सरळ होऊन बसले. "ह्यात आमचा माल किती?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. म्हटलं, "त्या वर्षी सहा मळ्यांची शिराझ एकत्र केली होती. त्यातला एक तुमचा."

"बाकीचे पाच इथंच असतील की."

होते. दोघं तर मागच्याच टेबलावर. काकांनी त्यांना हाक मारली, खुर्च्या ओढल्या गेल्या, चापांचं ताट मध्ये आलं. मी दुसऱ्या टेबलांकडे गेले. रोझे कमी पडत होती, एका मुलाच्या हातावर ठिणगी उडाली होती, शेफना अजून पन्नास तंगड्या काढायच्या होत्या.

दहाच्या सुमाराला काकांनी मला पुन्हा बोलावलं. ते सहाजण टेबलावर द्राक्षाच्या काडीनं काहीतरी रेघा मारत होते. "ताई, हा मिऱ्यांचा वास वाढतो कशानं?"

मी म्हटलं, थंडीत सावकाश पिकलेल्या द्राक्षांत तो जास्त सापडतो.

"बघ," काका शेजाऱ्याला म्हणाले, "मी काय म्हणत होतो. गोडी छाटणी आठ दिवस अलीकडे घेतली तर घड थंडीतच तयार होतील."

"आणि परतीच्या पावसानं फुलोरा झोडपला तर?"

शेगड्या विझत आल्या तरी ते छाटणीच्या तारखेवरून भांडत होते, आणि काकू रिकाम्या ग्लासाचा वास घेत होत्या.