आयफेल टॉवर जिन्यानेच चढा

आमचे अण्णा मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं पुलांच्या गर्डरना रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे लोखंडी खिळे, मारण्यात गेली. पॅरिसच्या सहलीसाठी मी लिफ्टची तिकिटं बघायला बसले तर म्हणाले, "लिफ्टमधून काय दिसणार? जिना नाही का?"

आहे. दक्षिणेकडच्या खांबातून वर जातो. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. तिथून शेंड्यापर्यंत मात्र लिफ्टच, आणि वारा फार असला की तीही बंद ठेवतात. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला लिफ्टने पाठवलं आणि आम्ही दोघं चढायला लागलो. पायऱ्या रुंद आहेत, चढ अंगावर येत नाही. पण वारं चांगलंच झोंबतं, स्वेटर हवाच.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर अण्णा थांबले. मला वाटलं दम लागला. पण ते कठड्यापलीकडच्या तुळईकडे बघत होते. हात पुरला तिथल्या एका रिव्हेटच्या गोल डोक्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. वर रंगाचे जाड थर, तरी डोकं कसं घोटीव. "हातानं बसवलंय," म्हणाले.

खरंच तसं होतं. १८८७ ते १८८९ या दोन वर्षांत हे घडीव लोखंड उभं राहिलं, जवळपास २५ लाख रिव्हेट लावून. बरेचसे कारखान्यातच बसवले, उरलेले इथे वर, चौघांच्या टोळीने: एक भट्टीवर रिव्हेट तापवणार, दुसरा तो भोकात धरून ठेवणार, तिसरा डोक्याला आकार देणार, चौथा घण घालणार. मी हे वाचून दाखवलं तर अण्णा म्हणाले, "आमचीही अशीच टोळी असायची. लालभडक असतानाच बसवायचा. गार होताना तो आक्रसतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. म्हणून तर एवढं टिकलंय."

लिफ्टने गेलात तर हे सगळं झरकन खाली जातं. म्हणून सांगते, पाय धड असतील तर जिनाच घ्या. तिकीट आधी काढा, सामान हॉटेलवर ठेवा (मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत), सुरक्षा तपासणीसाठी वेळ हाताशी ठेवा आणि गर्दीत पाकीट सांभाळा. पहिल्या मजल्यावर, ५७ मीटरवर, काचेची जमीन आहे, तिथे जरूर उभे राहा. शेंड्याचं तिकीट नाही मिळालं तरी हळहळू नका. पॅरिस दुसऱ्या मजल्यावरूनच छान ओळखू येतं.

अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो, वीस हजार दिव्यांनी. तो सोहळा खाली हिरवळीवर बसून बघितला. आईने व्हिडिओ काढला. अण्णा मात्र अजून हिशेबातच होते.

"चार माणसं," ते म्हणाले, "आणि दिवसाला किती बसत असतील गं?"